गॅस जातो कुठे?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच दात काढलेत तर मी उठून जाईन, चहा अर्धा राहिला तरी चालेल. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. तसा मी माणूस वाईट नाही हो, पण डोकं तापलं की तोंड आधी सुटतं आणि अक्कल मागून येते. त्या उन्हाळ्यात तर अक्कल इतकी मागून आली, की यायच्या आत सगळं गाव जमलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी तेव्हा सुरतेत होतो. आधी आठ वर्षं बमरोलीत कापडाच्या लूमवर, मग टेम्पो चालवला, आणि मग नशीब उघडलं. पांडेसऱ्यात ज्यांची डाईंगची मिल होती, त्या शेठच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो. शेठनी नवी कोरी गाडी घेतली होती. पांढरी. आणि आत एसी!

एसी म्हणजे काय थंडावा! काच वर केली की बाहेर सुरतेचा मे महिना आणि आत महाबळेश्वर. गाडी मुळात घेतली होती शेठच्या आईसाठी. त्यांना सगळे 'बा' म्हणायचे. बांना ब्लडप्रेशर, उन्हात चक्कर यायची, आणि त्यांची धाकटी बहीण बारडोलीला अंथरुणाला खिळलेली. आठवड्यातून एकदा बांना बारडोलीला नेऊन आणणं हे माझं काम. गोड बाई. रस्त्यात मला थेपला द्यायच्या आणि स्वतः झोपायच्या.

गाडी आली त्याच दिवशी बा म्हणाल्या, "पाटील, लींबू-मरचां बांधजे हं. नवी गाडी छे, नजर लागशे."

बांधलं. उधना नाक्यावरच्या म्हातारीकडून घेतलं, पुढच्या प्लास्टिकच्या जाळीला दोऱ्यानं बांधलं. सगळी सुरत तसंच बांधते. पण बारडोलीच्या पहिल्याच खेपेला वाऱ्यानं दोरा तुटला आणि लिंबू-मिरची गेली उडून. बांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाल्या, अपशकून.

आता मी काय साधासुधा ड्रायव्हर होतो का? आठ वर्षं लूम उघडले-जोडले होते मी! म्हटलं, बा, तुम्ही काळजीच करू नका, असं बसवतो की वादळ आलं तरी हलणार नाही. आणि बसवलं. पक्कं बसवलं. दर शनिवारी जुनं काढायचं, चौकात टाकायचं, नवं लावायचं. नियम म्हणजे नियम.

तीन आठवडे मजेत गेले. मग एके दिवशी कडोदऱ्याच्या पुढे एसीतून गरम वारा यायला लागला.

मला वाटलं, बटण चुकलं असेल. सगळी बटणं दाबून पाहिली. वायपर चालू झाले, एसी नाही! मागे बा पदरानं वारा घेतायत. बारडोलीला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. संध्याकाळी शेठ मला अंगणात उभं करून म्हणाले, "पाटील, आ गाडी छे के भठ्ठी? मारी बा शेकाई गई!"

आणि हे त्यांनी कुणादेखत म्हटलं? स्वयंपाकी, माळी, वॉचमन, सगळ्यांदेखत! माझी काय चूक? गाडी काय मी बनवली होती? पण शेठला काय बोलणार! तो राग गिळला आणि तसाच गाडीत घालून कंपनीच्या वर्कशॉपला नेला.

निघायच्या आधी लिंबू-मिरची मात्र काढून ठेवली. परक्याचा हात लागलेला चालत नाही ना. वर्कशॉपवाल्यांचे ग्रीसचे हात, कुणी तोडून फेकलं तर बांना काय सांगू?

तिथं एसीचं काम करायचा भास्कर. नंदुरबारकडचा पोरगेला माणूस, म्हणजे माझ्याच खान्देशातला. नुकताच कोसाडला खोली घेऊन बायको आणि लहान मुलीला आणलं होतं. शांत. इतका शांत की मला त्याच्या शांतपणाचाच राग यायचा. त्यानं पुढची जाळी उतरवली, साबणाचं पाणी मारलं आणि मला बोलावलं.

"आप्पा, हे बघा. बुडबुडे येतात ना? इथं बारीक भोक आहे. गॅस इथूनच गेला."

रेडिएटरच्या पुढे अजून एक चपटी जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. गॅस तिच्यातून फिरतो. मला हे तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "नव्या गाडीला भोक?"

"नव्या गाड्यांचे असेच पातळ असतात आप्पा. ॲल्युमिनियम. जुन्या गाड्यांचे जाड होते. खडी उडून लागली असेल."

बरं, लागली असेल. भोक बुजवलं, गॅस भरला, एसी थंड. मी खूश, बा खूश. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "गाडीले नजर लागेल शे. तुमनं लिंबू लहान पडस." ती घरी आपली अहिराणीच बोलते, आणि बोलते ते फार ठाम बोलते. मलाही पटलं. त्या शनिवारी लिंबू मोठं आणलं, मिरच्या सातच्या अकरा केल्या. एवढं ओझं पेलायला बसवलंही आधीपेक्षा पक्कं.

आठवडा! फक्त एक आठवडा! पुन्हा गरम वारा.

या वेळी शेठनी आवाजही चढवला नाही. नुसतं म्हणाले, "पाटील, टेम्पो चलाववानो विचार छे?" बस. टेम्पो म्हणजे पुन्हा कापडाचे गठ्ठे, पुन्हा घाम, पुन्हा रिंग रोडच्या शिव्या. आणि मला भीती वाटली की तिचा राग व्हायला वेळ लागत नाही.

लिंबू-मिरची काढली आणि निघालो. वर्कशॉपच्या दारातूनच मी सुरू झालो, "कुठंय तो भास्कर?"

त्यानं गपचूप जाळी उतरवली. साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे! आधीच्या भोकापासून बोटभर अंतरावर नवं भोक.

"पुन्हा खडी?" मी म्हटलं. "काय रे, सुरतेतल्या खडीला माझ्याच गाडीचा पत्ता सापडला का? एवढ्या गाड्या फिरतात, त्यांना नाही लागत!"

"आप्पा, मलाही तेच कळत नाही. दोन्ही भोकं जवळजवळ एकाच जागी. आणि ह्या पुढच्या प्लास्टिकला ही छिद्रं कसली आहेत? हे बघा, इथं आणि इथं..."

"ती लिंबाची आहेत!" मी कडाडलो. "देवाधर्मात नाक खुपसू नकोस! तू गॅसचं बोल. गॅस जातो कुठे?"

"लिंबाची म्हणजे कशी आप्पा? तुम्ही ते लावता कसं..."

"विषय बदलू नको!"

बिचारा काहीतरी सांगायला तोंड उघडायचा, मी बोलू दिलं तर ना! माझ्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. वर्कशॉपच्या बाहेर चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हर बसायचे. त्यातला एक मला म्हणाला होता, ह्या नव्या गाड्यांचा गॅस वेगळा असतो, जुना चालत नाही. सुरतेत अजून फार ठिकाणी मिळतही नाही, भाव सोन्याचा. झालं! माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. मिळत नाही, महाग आहे, आणि माझ्याच गाडीतून जातो! म्हणजे कोण नेतो? ज्याच्या हातात किल्ली तो!

"भोकं तूच पाडतोस!" मी सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं ओरडलो. "तूच पाडतोस, तूच बुजवतोस, आणि मधल्या मधे गॅस विकतोस!"

भास्करचा चेहरा पडला. म्हणाला, "आप्पा, तुम्ही आपल्याकडचे. असं बोलू नका. गॅस इथं डब्यात असतो, गाडीतून काढून कोण नेईल? आणि नेला तर विकू कोणाला?"

"ते तुलाच ठाऊक! चोराच्या उलट्या बोंबा!"

आता सांगा, एवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? पण मी थांबतो का? मी शेठकडे गेलो. मीठमसाला लावून सांगितलं. शेठच्या मिलच्या कागदावर तक्रार लिहून घेतली, स्वतः नेऊन वर्कशॉपच्या सुपरवायझरच्या टेबलावर आपटली. सुपरवायझर गुजराती, चष्मेवाला, मोजकं बोलणारा. शेठचं नाव मोठं, त्याला घाम फुटला. त्यानं माझ्यासमोर भास्करला बोलावलं आणि सांगितलं, "जो भास्कर, आपणे आखो नवो कंडेन्सर नाखीए छीए, पूर्ण नवा. तूच बसवायचा. मी उभा राहून बघणार. आ पछी गॅस गयो, तो तारी नोकरी गई."

भास्करनं हातातला पाना खाली ठेवला. मान हलवली आणि हात पुसत निघून गेला. मला वाटलं, बघा, चोर कसा गप्प बसतो! त्याच्या घरी खोलीचं भाडं आहे, मुलीची शाळा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मनात म्हटलं, भोग आता. असा मी. लाज वाटते सांगताना, पण सांगायला बसलोय तर सगळंच सांगतो.

नवा कंडेन्सर बसला त्या दिवशी नेमका शनिवार.

शेठ स्वतः आले, बांना घेऊन. बारडोलीहून निरोप होता की बहिणीचं जास्त झालंय, वर्कशॉपमधूनच थेट निघायचं होतं. सकाळी दहाची वेळ, ऊन असं की पत्र्यावर पोळी भाजावी. सुपरवायझर उभा. दोन-चार फिटर उभे. टपरीवरचे ड्रायव्हरही आले, म्हणाले पाटीलची केस बघू. भास्कर कोपऱ्यात उभा. गॅस भरून झाला होता, जाळी पुन्हा लागली होती. गाडी चालू केली, बा आत बसून आल्या, म्हणाल्या, "अहाहा, बरफ जेवुं!" म्हणजे बर्फासारखं.

शेठनी भास्करकडे बघून बोट हलवलं. "हवे जोईए."

"हवे जोईए" म्हणजे आता बघू. मी म्हटलं, बघायचंच आहे तर नीट बघा. मी डिकीतून माझी पिशवी काढली. उधना नाक्याच्या म्हातारीला त्या दिवशी खास सांगून ठेवलं होतं: लिंबू एवढं मोसंबीएवढं, मिरच्या एकवीस, खाली कोळसा. आणि ते पेलायला मी हार्डवेअरवाल्याकडून मुद्दाम चार इंची स्क्रू आणला होता. पुढे आकडा असलेला.

हो. स्क्रू. मग तुम्हाला काय वाटलं, मी कशानं बसवत होतो? दोरा तुटला होता ना! पहिल्यांदा दीड इंची, मग अडीच, आणि आता चार. नजर जेवढी मोठी तेवढा स्क्रू मोठा नको का?

तोंड बंद करा. सांगितलं होतं, हसायचं नाही.

तर मी गाडीच्या पुढे बसलो. हातात पेचकस. आणि स्क्रू फिरवता फिरवता भाषण चालू. "शेठ, माणसाची नियत साफ पाहिजे. मी खाली मान घालून काम करणारा माणूस. आणि काही लोक बघा, आपल्याच गाववाल्याच्या पोटावर पाय देतात! पण वर देव बघतोय, आज सगळ्यांसमोर दूध का दूध आणि पानी का..."

फुस्स्स्स्स्!

असा आवाज की बा ओरडल्या, "साप! साप!" फिटर दोन पावलं मागे. शेठ म्हणाले, "टायर गयुं?" जाळीतून पांढरं धुकं माझ्या तोंडावर आलं, हात बर्फात घातल्यासारखा गार पडला, मिशीला तेलकट दव लागलं.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याही वेळी मी काय केलं? मी उठून भास्करकडे बोट दाखवलं आणि ओरडलो, "बघा! बघा शेठ, यानं काय केलं!"

फुसफुस हळूहळू कमी होत गेली. सुपरवायझरनं चष्मा नाकावर सरकवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पाटील, हाथमां शुं छे?"

मी बघितलं. माझ्या हातात पेचकस होता.

भास्कर पुढे आला. गुडघ्यावर बसला, लिंबू बाजूला केलं आणि स्क्रूकडे बघत राहिला. चार इंचातला अर्धा इंच बाहेर, बाकीचा सगळा आत. आधीचे दोन आखूड, त्यांची टोकं रस्त्यातल्या हादऱ्यांनी घासून घासून भोक पाडत होती; हा थेट आत घुसला होता. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलायला हवं होतं हो त्यानं! आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. पण तो फक्त म्हणाला, "आप्पा, हाताला फार गार लागलं का? पाण्याखाली धरा."

ते ऐकलं आणि मी पेचकस खाली ठेवला.

शेठचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग काळा. "त्रण वार?" त्यांनी विचारलं. "पाटील, तीन वेळा तू?"

"दोनदा आणि... हो शेठ. तीनदा."

शेठ जे सुरू झाले ते अर्धा तास. सुरती माणूस रागावला की काय बोलतो ते बायकामुलांत सांगण्यासारखं नाही, आणि बा शेजारी बसलेल्या असूनही त्यांनी सगळं बोलून घेतलं. मला आयुष्यात पहिल्यांदा असा अनुभव आला की अंगात राग भरलाय, मुठी वळल्यात, आणि रागवायला समोर माणूसच नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. लिंबावर रागावू? शेवटी बाच मधे पडल्या. "एणे तो मारा माटे ज कर्युं ने! माझ्यासाठीच केलं. मीच सांगितलं होतं बांध म्हणून."

"बांध सांगितलं होतं बा," शेठ किंचाळले, "ड्रिल कर नव्हतं सांगितलं!"

नोकरी राहिली ती बांमुळे. त्या सकाळी मी त्यांना, शेठ ज्या जुन्या गाडीतून आले होते तिच्यातून, सगळ्या काचा उघड्या टाकून बारडोलीला नेलं आणि वाटेत तीनदा थांबून त्यांच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला. बहिणीची भेट झाली. पण निघायच्या आधी शेठनी मला सुपरवायझरच्या टेबलापाशी बसवलं, कोरा कागद पुढे ठेवला आणि सगळ्यांसमोर लिहायला लावलं की गाडीला तिन्ही भोकं मी स्वतः पाडली, भास्करचा काही दोष नाही. मी लिहिलं. सही केली. मग भास्करसमोर गेलो. हात जोडले. आयुष्यात तोवर मी कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती मागायची कशी तेच येत नव्हतं. मी ओरडूनच म्हटलं, "चुकलो मी! माफ कर!" बाहेर उभ्या असलेल्यांना वाटलं पुन्हा भांडण लागलं.

भास्कर म्हणाला, "ठीक आहे आप्पा. पण हळू बोला, लोक बघतात." आणि त्याची नोकरी शाबूत राहिली. माझा तो कागद मात्र सुपरवायझरनं नोटीस बोर्डावर लावला. पुढची दोन वर्षं कुणी ड्रायव्हर तक्रार घेऊन आला, की त्याला आधी तो वाचायला लावायचे.

संध्याकाळी घरी आलो. बायकोला सांगणार नव्हतो, पण तोंड बघून तिनं ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, हे विशेष. म्हणाली, एवढं तीन-तीनदा घडतं म्हणजे साधी गोष्ट नाही. गाडीला नव्हतीच नजर, नजर तुम्हाला लागलीय! म्हणूनच अशी बुद्धी फिरली.

काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की माझा दोष नाही. मी मुकाट्यानं पाटावर बसलो. तिनं मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या माझ्यावरून सात वेळा ओवाळल्या, पुटपुटली, आणि चुलीत टाकल्या. तुम्हाला ठाऊक आहे ना? मिरच्या जळून ठसका आला नाही, तर समजायचं नजर होती आणि ती उतरली. ठसका आला तर नजर नव्हतीच.

आम्ही दोघं चुलीकडे टक लावून बघत बसलो.

आणि काय ठसका उठला! मी खोकतोय, ती खोकतेय, शेजारचे खोकत बाहेर पळाले, समोरच्या घरातली म्हातारी शिव्या देत गॅलरीत आली. डोळ्यांतून धारा लागलेल्या. बायकोनं पदर नाकाला लावला, खोकत खोकत माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली,

"नजर-बिजर काही नई शे. तुम्ही मूळनाच असा शेतस!"